हवा खेळू दिली आणि कोळसा पेटला

कोळशाचा ढीग आतून तापू लागला तर काय कराल? बहुतेकजण म्हणतील, "हवा खेळू द्या, थंड होईल." एकोणिसाव्या शतकातल्या अनेक जहाजवाल्यांनाही हेच वाटायचं.

त्यांचं गृहीतक कसं कोसळलं ते बघा. न्यूकॅसलला चार जहाजांत एकाच थरातला कोळसा एकाच वेळी भरला गेला. यूक्साइन, ऑलिव्हर क्रॉमवेल आणि कलकत्ता ही तीन जहाजं एडनला निघाली. त्यांच्या कोळशात हवा फिरायची सोय होती. चौथं, कोरा, मुंबईला निघालं. त्यात ती सोय नव्हती. हवेशीर तिन्ही जहाजं आगीने गेली. कोरा मुंबईला सुखरूप पोहोचलं!

आता तुम्ही विचाराल, चार जहाजांवरून निष्कर्ष कसा काढायचा? प्रश्न रास्त आहे. म्हणून 1875 मध्ये नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनपुढचे आकडे पाहा. 1874 साली कोळशाच्या 31,116 खेपा गेल्या, त्यांतल्या 70 पेटल्या. युरोपातल्या बंदरांना गेलेल्या 26,631 खेपांत अशा घटना फक्त 10; आशिया, आफ्रिका, अमेरिकेला गेलेल्या 4,485 खेपांत 60. म्हणजे लांबचा प्रवास घातक. पण आकडे कारण सांगत नाहीत, ते यंत्रणेत शोधावं लागतं.

1686 मध्ये रॉबर्ट प्लॉटने दोष कोळशातल्या पायराइटला दिला होता, आणि ते मत दीर्घकाळ टिकलं. 1870च्या सुमारास रिश्टर्सच्या प्रयोगांनी दाखवलं की कोळसा स्वतःच ऑक्सिजन शोषतो आणि त्यातून उष्णता सुटते. तापमान वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग वाढतो, म्हणजे आणखी उष्णता. ढिगात शिरणारी मंद हवा ऑक्सिजन पुरवते, पण उष्णता वाहून नेण्याइतकी ती जोरकस नसते. घोळ इथेच होता.

आजचे साठवणुकीचे नियम यातूनच निघतात: कोळसा पातळ थरांत पसरून दाबायचा, उंची मर्यादित ठेवायची, आतलं तापमान मोजत राहायचं, आणि आधी आलेला माल आधी वापरायचा. आग लागली नाही तरी ऑक्सिडेशनने उष्मांक घटतो, कोकिंग कोळशाचा तर कोक होण्याचा गुणच जातो. सुरक्षितता आणि दर्जा, दोन्हींचा शत्रू एकच.

तुमच्या संशोधनात "हे तर उघडच आहे" असं एखादं वाक्य असेलच. आधी तेच तपासा.