राज्य ग्रंथालय परिषद, महाराष्ट्र

सार्वजनिक ग्रंथालयांविषयी राज्य शासनाला सल्ला देणारे वैधानिक मंडळ. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना तेथे 1955 चा ग्रंथालय कायदा झाला होता. पुढे 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ही परिषद निर्माण केली (पहा : ग्रंथालय अधिनियम). अध्यक्षपद संबंधित खात्याच्या मंत्र्यांकडे असते. प्रशासन ग्रंथालय संचालनालय पाहते, तर जिल्हा पातळीवर जिल्हा ग्रंथालय समित्या असतात. उदाहरणार्थ, वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या समितीच्या कक्षेत येते. ग्रंथालय-उपकराची तरतूद अधिनियमात नाही, हे त्याचे ठळक वैशिष्ट्य. त्यामुळे अ, ब, क, ड अशा वर्गवारीतील गावोगावच्या ग्रंथालयांचा मोठा आधार शासकीय अनुदानच होय, आणि परिषदेच्या सल्ल्याचे महत्त्वही त्यातच आहे (पहा : ग्रंथालय निधी).