वळिवड्याचा कॅम्प

१७ सप्टेंबर हा आम्हां मुरुडकरांचा झेंडावंदनाचा दिवस. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. पोलंडमध्ये मात्र ही तारीख काळी मानतात. १९३९ साली याच दिवशी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या आणि पुढे लाखो माणसे सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार झाली. पश्चिमेकडून आलेल्या जर्मनांनी त्याच देशात ऑशविट्झची छळछावणी उभारली. तिथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली.

१९४१ च्या करारानंतर सोव्हिएत कैदेतून सुटलेले काही पोलिश निर्वासित इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ मध्ये त्यांच्यासाठी कॅम्प उभा राहिला. वस्ती सुमारे ५,०००. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च असे एक पोलिश गावच तिथे १९४८ पर्यंत नांदले.

१९४७ साली ऑशविट्झचे संग्रहालय झाले. मारलेल्यांचे बूट, नावे घातलेल्या पेट्या, कापलेले केस तिथे आजही जपले आहेत. गुन्हा नाकारणारे असतात, म्हणून पुरावा राखावा लागतो. वळिवड्याला तसे काही राखले गेले नाही. फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे त्या जागेत राहायला आली. तिथेच गांधीनगर वसले, कापडाची मोठी बाजारपेठ झाली. आसरा दिलेली जागा पुन्हा आसऱ्याच्याच कामी आली आणि त्यातच तिच्या खुणा झिजल्या. आठवण मात्र पोलिशांनी राखली. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे.

हे वाचताना मला माझी आजी आठवते. रझाकारांच्या धास्तीने आमचे घर मुरुड सोडून हद्दीपलीकडे बार्शीला गेले होते. ‘कुणाच्या तरी ओसरीवर चार महिने काढले,’ एवढेच ती सांगायची. रझाकारांच्या गोष्टी आम्ही तिला पुन्हापुन्हा सांगायला लावल्या. ती ओसरी कुणाची, हे एकदाही विचारले नाही. आता सांगणारे कुणी उरलेले नाही. मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिताना जुलमाची नोंद हवीच. पण बार्शी-सोलापूरकडच्या ज्या घरांनी आम्हांला ठेवून घेतले, त्यांची यादीही गावोगाव करायला हवी. मुरुडच्या यादीतली पहिली ओळ मला कोरी सोडावी लागणार आहे.