शोफ की शोथ? : दृक्‌तंत्रिकाशीर्षाच्या एका विकाराचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी वैद्यकाचा असला, तरी त्यातील प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला परका नाही. जे प्रत्यक्ष पाहिलेले नाही त्याला नाव मिळाले, की ते नावच पुराव्याची जागा घेते काय, हा तो प्रश्न होय.

ग्रँट मेडिकल कॉलेजमधून पदवीधरांची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. त्याच वर्षी हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रांतर्दर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे मुंबईच्या ह्या पहिल्या डॉक्टरांचे शिक्षण झाले तेव्हा जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहण्याचे साधन वैद्यकाच्या हाती नव्हते. पुढे कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून भायखळ्याला नेत्ररुग्णालय उभे राहिले, तोवर चित्र पालटू लागले होते.

मेंदूतील गाठीमुळे दृक्‌तंत्रिकेचे शीर्ष सुजते, हे फॉन ग्रेफे यांनी १८६० मध्ये दाखवून दिले. हा शोध मोलाचा खरा. पण त्याची छाया फार लांब पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एखाद्या तरुणाच्या एकाच डोळ्यात अशी सूज दिसली, तरी प्रथम मेंदूतील गाठीचीच शंका येई. मग कवटीची क्ष-किरण छायाचित्रे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची जोखमीची तपासणी आणि घरच्यांचा जीव टांगणीला!

म्हणूनच १९६६ मध्ये लॉन व हॉइट यांनी ‘पॅपिलोफ्लेबायटिस’ ही संज्ञा योजली, तिचे महत्त्व केवळ शास्त्रीय नव्हते. सूज दीर्घकाळ टिकणारी, तरी निरुपद्रवी असू शकते, असे त्यांनी सांगितले. पंजाबात जन्मलेले सोहनसिंग हेरे यांनी १९७२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’त ह्या विकाराचे दोन प्रकार मांडले. एकात प्रामुख्याने शीर्षाची सूज, तर दुसऱ्यात जालपटलाची मध्यवर्ती नीला अवरुद्ध झाल्याचे चित्र व रक्तस्राव. दोन्हींच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचा दाह असावा, असे त्यांचे अनुमान होते.

येथे मराठी परिभाषा उपयोगी पडते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘शोफ’ व ‘शोथ’ हे दोन्ही शब्द सूज ह्या अर्थाने येतात. आधुनिक मराठी परिभाषेने मात्र शोफ म्हणजे द्रव साचून आलेली सूज आणि शोथ म्हणजे दाहयुक्त सूज, असा भेद केला. नेत्रांतर्दर्शकातून दिसतो तो शोफ. नावात शिरला तो शोथ. ह्या रुग्णांचा डोळा काढण्याची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे ऊतीतील दाहाचा प्रत्यक्ष पुरावा दुर्मीळच राहिला. स्टेरॉइडने सूज ओसरते, हा आधार सांगितला जाई. परंतु ती पुष्कळदा औषधावाचूनही ओसरते. प्रस्तुत लेखकाला हा युक्तिवाद लंगडा वाटतो.

हेन्री ईल्स यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. बर्मिंगहॅमच्या ह्या डॉक्टरांनी १८८० मध्ये तरुणांच्या जालपटलातील वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन केले, त्याचा संबंध बद्धकोष्ठाशी जोडला आणि दाहाचा उल्लेखही केला नाही. आज भारतात अधिक आढळणाऱ्या त्या रोगात नीलांचा दाह मान्य झालेला आहे.

पॅपिलोफ्लेबायटिस हे नाव अद्याप टिकून आहे. मात्र अनेक तज्ज्ञ तो तरुणवयातील नीला-अवरोधच मानतात, रक्त गोठण्याचे दोष व रक्तदाब तपासतात आणि काही रुग्णांची दृष्टी कायमची उणावते म्हणून ‘निरुपद्रवी’ हे विशेषण जपून वापरतात.