ईएसआर वाढला म्हणजे टीबी?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे कुणाचा खोकला महिनाभर हटला नाही, की लॅबचा कागद येतो आणि घरातल्या सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते. ईएसआर! तो वाढलेला दिसला की कुजबुज सुरू. पोरीचं लग्न ठरायचं असेल तर कागद कपाटात गेलाच म्हणून समजा. या आकड्याला एवढं वजन आलं कुठून?

गोष्ट स्वीडनमधली. 1918 च्या सुमारास रॉबिन फॉरेउस यांना दिसलं, की गरोदर बायकांचं रक्त नळीत ठेवलं तर लाल पेशी भराभर खाली बसतात. त्यांना वाटलं, गरोदरपणाची चाचणीच सापडली. पण आजारी माणसांचं रक्तही तसंच वागायला लागलं! मग 1921 मध्ये आल्फ वेस्टरग्रेन यांनी फुप्फुसाच्या क्षयरोग्यांवरचा अभ्यास मांडला. म्हणजे ईएसआर आणि टीबीची सोयरीक शंभर वर्षांची आहे, बरं का.

पद्धत अगदी साधी. रक्तात सायट्रेट घालायचं, नळी ताठ उभी करायची, तासाभराने पेशी किती मिलिमीटर खाली गेल्या ते वाचायचं. शरीरात दाह असला की फायब्रिनोजेन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि लवकर बसतात. महागडं यंत्र नको, त्यामुळे ही चाचणी तालुक्याच्या लॅबपर्यंत पोचली.

अडचण एवढीच, की संधिवातातही आकडा वाढतो आणि रक्त कमी असलं तरी वाढतो. सर्व्हरचा अलार्म वाजला म्हणून कुठली फाईल बिघडली ते कळत नाही, तसंच हे. आणि टीबी असूनही ईएसआर नॉर्मल येऊ शकतो, ते जास्त घातक. औषधाविना माणूस घरभर खोकत राहतो.

रक्तावरून टीबी ओळखायचा मोह मोठा. अँटिबॉडी शोधणाऱ्या किटचा आपल्याकडे बाजारच होता. वर्षाला सुमारे 15 लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्या वापरू नका म्हणून सांगितलं आणि जून 2012 मध्ये भारत सरकारने बंदी घातली. ईएसआर त्यात नव्हता, कारण तो टीबीची चाचणी म्हणून विकलाच जात नव्हता. तो अर्थ आपण लावला.

सीआरपी हा ईएसआरचा धाकटा भाऊ, 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेला. 2021 पासून एचआयव्ही असलेल्यांच्या टीबी तपासणीत त्याला जागा मिळाली आहे: लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर गेला तर पुढची चाचणी करा, एवढ्यापुरती. पुढची म्हणजे थुंकीची, सीबीनॅट किंवा गोव्याच्या कंपनीच्या ट्रूनॅटवर. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.