सनदी प्रशिक्षक

१८५७ च्या उठावाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५७ साली, ग्वाल्हेरमध्ये झाशीच्या राणीच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. राणीला वीरमरण आले ते याच शहरात. १९९५ मध्ये त्या महाविद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज ते ‘लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षा संस्थान’ म्हणून देशभर ओळखले जाते. नावातली ‘शिक्षा’ हिंदी वळणाची आहे. मराठी माणसाला शिक्षा म्हटले की दंड आठवतो. मुळात मात्र हा शब्द ‘शक्’ या धातूच्या इच्छार्थक रूपातून, ‘शिक्ष्’मधून आला. शक् म्हणजे समर्थ असणे आणि शिक्ष् म्हणजे समर्थ होऊ पाहणे. त्या अर्थाने प्रशिक्षक म्हणजे दुसऱ्याच्या मनात समर्थ होण्याची आस जागवून ती तडीस नेणारा.

शिंद्यांच्या छावणीवरून ग्वाल्हेरच्या ज्या भागाला ‘लष्कर’ हे नाव पडले, तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. त्या घरांच्या बोलीत याच कामाचे जुने शब्द आहेत: तालीम, वस्ताद, खलिफा. ‘तालीम’ अरबी आहे. इल्म, मालूम हे तिचे सगेसोयरे. मूळ अर्थ शिकवणे. मराठीने तो अर्थ जागेला दिला आणि कुस्तीचा हौदा असलेली वास्तूच तालीम झाली. ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’. ‘खलिफा’ म्हणजे मागून येणारा, वारस. तालमीत वस्तादाच्या हाताखाली नवख्यांना डाव दाखवणारा तो खलिफा. उद्याचा शिक्षक आजच्या शिक्षकाच्या नजरेखाली घडावा, ही व्यवस्था या एका शब्दात आहे.

आज गल्लोगल्ली ज्यूदो-कराटेचे क्लब दिसतात. त्यांच्याबरोबर ‘कोच’ आणि ‘सेन्सेई’ हे शब्दही आले. कोच हे हंगेरीतल्या कोच गावाच्या घोडागाडीचे नाव. युरोपभर ती गाडी गेली आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला ते चिकटवले. खेळाच्या मैदानावर ते त्यानंतर आले. ‘सेन्सेई’चा अक्षरार्थ ‘आधी जन्मलेला’. जपानमध्ये डॉक्टर, वकील, लेखक यांनाही याच शब्दाने हाक मारतात. वाट आधी चाललेल्याचा तो मान आहे.

या जपानी शब्दांमधला ‘दोजो’ तर आपल्याकडूनच तिकडे गेलेला. बुद्धाला ज्या जागी बोध झाला तिला संस्कृतात ‘बोधिमंड’ म्हणतात. चिनी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘मार्ग’ आणि ‘स्थान’ अशी दोन अक्षरे योजली. जपानीत त्यांचा उच्चार दोजो झाला. तो आधी बौद्ध साधनेच्या जागेला आणि पुढे युद्धकलेच्या सरावाच्या जागेला लागला. बोधगयेच्या वृक्षाखालची जागा अशा फेऱ्याने ग्वाल्हेरच्या क्लबच्या पाटीवर परत येते.

पण आपला सगळ्यात मोठा गोंधळ ‘दान’ या शब्दाशी होतो. इथे देणग्यांचा संबंध नाही. दान म्हणजे पायरी. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापली आणि दुसऱ्याच वर्षी दोन शिष्यांना ‘शोदान’ दिले. शोदान म्हणजे पहिली पायरी. आपल्याकडे या पायरीचा काळा पट्टा मिळाला की शिक्षण संपले असे मानतात आणि त्या पट्ट्यावर नवा क्लब उघडतो. शब्द मात्र सांगतो की इथे जिन्याची सुरुवात झाली.

कानो स्वतः पेशाने शिक्षक होते. ज्या संस्थेचे ते दीर्घकाळ प्रमुख राहिले ती टोकियोची उच्च ‘शिहान’ शाळा, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. ज्येष्ठ युद्धकला-गुरूलाही जपानीत शिहानच म्हणतात. अक्षरार्थ: आदर्श ठरलेला गुरू. जपानी परंपरेत दानच्या पायऱ्यांहून निराळ्या पदव्याही आहेत. रेन्शी म्हणजे तावूनसुलाखून निघालेला, क्योशी म्हणजे शिकवणारा, हान्शी म्हणजे आदर्श. खेळता येणे आणि शिकवता येणे यांची मोजमापे वेगळी आहेत, हे त्या समाजाने भाषेतच नोंदवले. आपल्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत ज्यूदोच्या प्रशिक्षकांसाठी पदविका आहे, ती याच जाणिवेतून. शरीररचना, दुखापतींवरचा प्रथमोपचार, वाढत्या वयातल्या मुलांना झेपेल इतकाच सराव, मुलांची सुरक्षितता या गोष्टी पट्ट्याच्या परीक्षेत पुरेशा तपासल्या जात नाहीत. गळा आवळण्याचे आणि सांधा पिळण्याचे डाव शिकवणाऱ्याला त्या यायलाच हव्यात.

अशा प्रशिक्षकाला संस्थेने दिलेल्या मान्यतेला मराठीत काय म्हणावे? सरकारी कागदांत ‘अधिस्वीकृती’ आहे. तो शब्द अचूक असला तरी जिभेवर रुळत नाही. इंग्रजी ‘ॲक्रेडिटेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘क्रेडो’ आहे, मी विश्वास ठेवतो. हा क्रेडो आपल्या ‘श्रद्धे’चा सख्खा भाऊ, दोन्ही एकाच प्राचीन मुळातून फुटले. पण नुसत्या श्रद्धेवर मूल कोणाच्या हवाली करता येत नाही, श्रद्धेला आधार लागतो.

तो आधार आपल्या जुन्या ‘सनद’ शब्दात आहे. या अरबी शब्दाचा मूळ अर्थच टेकू, आधार. इस्लामी विद्यापरंपरेत कोणाकडून कोणाकडे वचन आले त्या साखळीलाही सनद म्हणतात. मराठी राज्यात तो हक्काचा लेख झाला. आजही वकिलीची सनद असते, ती निलंबित होते, रद्दही होते. सनदी लेखापालही आहेत. कोणाकडून शिकला हे सांगणारी, पाठीशी संस्था असलेली आणि चुकल्यास काढून घेता येणारी मान्यता म्हणजे सनद. म्हणून माझी सूचना आहे की अशा मान्यताप्राप्त शिक्षकाला आपण ‘सनदी प्रशिक्षक’ म्हणावे.

मुलाला क्लबात घालताना पालकांनी पट्ट्याचा रंग पाहावा, त्यात गैर काही नाही. पण त्याआधी दोन प्रश्न विचारावेत: शिकवायला तुम्ही कोणाकडे शिकलात आणि तुमची सनद कोणाची?