देवाला घर कधी मिळालं?

शाळेत असताना मुलांची सहल घेऊन मी बऱ्याचदा अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, बाहेर एवढं कोरीव काम, आणि देव मात्र खाली अंधारात का?" मी "रांगेत उभी राहा बघू" म्हणून वेळ मारून नेली. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला. उत्तर द्यायला जरा उशीरच झाला म्हणा!

मुळात आपल्याकडे देवळं पहिल्यापासून नव्हती. वेदकाळचा मुख्य विधी यज्ञ. वेदी रचायची, अग्नी पेटवायचा, आहुती द्यायची, विधी संपला की उठायचं. देव वर, माणूस खाली आणि अग्नी मधला निरोप्या.

हे बदलत होतं त्याची खूण जुन्नरजवळ नाणेघाटात आहे. सातवाहन राणी नागनिकेचा तिथला लेख साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात अश्वमेधासकट अनेक यज्ञांची आणि दक्षिणेतल्या गाईंची यादी आहे; पण सुरुवातीच्या वंदनात इंद्राबरोबर संकर्षण आणि वासुदेवही आहेत. जुनं आणि नवं एकाच भिंतीवर! त्याच सुमारास विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला. तिथे उत्खननात लंबवर्तुळाकार देवळाचा पाया सापडला आहे.

दगडी बांधणीची देवळं ठळकपणे दिसू लागतात ती गुप्तकाळात. सांचीचं १७ क्रमांकाचं देऊळ म्हणजे सपाट छपराची एक खोली आणि पुढे चार खांबांची ओसरी, बस्स. शिलाहारांचं अंबरनाथ शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं. मधल्या काळात मंडप, शिखर, शिल्पं सगळं वाढलं, पण आतली खोली तशीच लहान आणि अंधारी राहिली.

तिचं नावच गर्भगृह. गर्भ अंधारातच वाढतो ना! बाहेरच्या भिंतीवर देव, अप्सरा, प्राणी, सारा संसार. मंडपात उजेड मंदावतो. आत फक्त एक समई. अंबरनाथला तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. डोळे बाहेरचं विसरले की मगच दर्शन. त्या मुलीला हे सांगायला हवं होतं.

पूजेचंही तसंच. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान असे सोळा उपचार आठवून पाहा. घरी पाहुणा आला की आपण या बसा म्हणतो, पाय धुवायला पाणी देतो, जेवू घालतो. तेच हे! यज्ञात माणूस देवाला वर हविर्भाग पाठवत होता, पूजेत देवच पाहुणा होऊन आला. आणि या सोळा उपचारांना ऋचा म्हणतात त्या वेदातल्याच पुरुषसूक्ताच्या, त्याही सोळाच.

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला.

लहानपणी आजीबरोबर मी गावच्या देवळात नैवेद्य घेऊन जायचे. माझ्या वर्गातली एक मुलगी बाहेर पायरीच्या खाली उभी असायची. मी आत जायचे, ती नाही. आजीने मला कधी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याआधीच, मे १९४७मध्ये, पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं होतं. त्याच्याही आधी, १९३० साली, नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. चोखोबांची समाधी तर पंढरीला महाद्वारासमोर, बाहेरच आहे.

देवाचं आदरातिथ्य सोळा प्रकारांनी करणाऱ्या आपण, दाराशी उभ्या माणसाला साधं "ये" म्हटलं नाही. पूजेचा अर्थ पाहुणचार असेल, तर त्या दिवशी आमची पूजा पहिल्याच उपचाराशी अडली होती. आवाहन म्हणजे तरी काय, "या" म्हणणंच की!

आता देवळात गेले की घंटा वाजवण्याआधी मी एकदा मागे वळून बघते. ती मुलगी कुठे असेल कोण जाणे. भेटली तर हात धरून आत नेईन म्हणते. तिला यायचं असेल तर.