‘नाइस’ शब्दाचें दैव

शब्दांनाही दैव असतें. इंग्रजी बोलणारा मनुष्य आज भोजन, हवा, घर आणि पाहुणा या सर्वांना ज्या एकाच ‘नाइस’ विशेषणानें गौरवितो, तें मूळचें निंदेचें. लॅटिन भाषेंत ‘नेस्किउस’ म्हणजे अज्ञ. त्यावरून फ्रेंचांत ‘मूर्ख’ या अर्थाचा शब्द झाला आणि इ. स. १३०० च्या सुमारास तो त्याच अर्थानें इंग्रजींत शिरला. पुढें मूर्खाचा नखरेल झाला, नखरेलाचा चोखंदळ, आणि सोळाव्या शतकांत त्याला ‘सूक्ष्म, काटेकोर’ हा अर्थ लाभला. ‘सुखद’ हा अर्थ अठराव्या शतकांतला.

हें वैभवच त्याला बाधलें. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरींत हेन्री टिल्नी या शब्दाच्या सरसकट वापराची थट्टा करतो. मूळ अर्थ नीटनेटकेपणाचा असावा, असें तो सुचवितो. त्यापूर्वीचा मूर्खपणा त्याच्याही ध्यानीं नाहीं!

अर्थ पालटणें हा दोष नव्हे. धर्मशास्त्रांत ‘साहस’ म्हणजे बळजोरीचा अपराध; मराठींत तोच शब्द आज धाडसाचें भूषण आहे. दोष आहे तो आळसाचा. एका ‘नाइस’नें किंवा आपल्याकडील एका ‘छान’नें सारें भागविलें, म्हणजे बाकीचे शब्द अडगळींत पडतात. अन्न रुचकर, हवा आल्हाददायक, घर हवेशीर, पाहुणा मनमिळाऊ: ज्याचें त्याला दिलें, तरच भाषेची श्रीमंती टिकते.